मिठाचा चौकोन

आमचे मास्तर फुटबॉलचं मैदान चुन्यानं आखत नसत, मिठानं आखत. गावाला लागूनच मिठागरं होती, जाडं मळकट मीठ पोत्यानं मिळायचं, आणि चुन्यासाठी पनवेलला जावं लागायचं. कारण एवढंच. पण त्यामुळे एक गंमत व्हायची. पावसात मीठ विरघळून जमिनीत जायचं आणि त्या रेघेवर मग गवत उगवायचं नाही. श्रावणात सगळं मैदान हिरवंगार, आणि त्यात गोलपोस्टापुढचा चौकोन, मधली रेघ, मधलं वर्तुळ, सगळं उघड्या मातीत स्वच्छ दिसायचं. "रेघ गेली तरी तिची जागा र्‍हाते," मास्तर म्हणायचे. ही गोष्ट त्यांनी मला पाच-सहा वेळा तरी सांगितली असेल. मला वाटायचं, ती ते फक्त मलाच सांगतात.

मी मूळचा कोल्हापूरचा. नोकरीसाठी इकडे आलो, सीवूड्सला फ्लॅट घेतला आणि पहिली दोन वर्षं रविवारी काय करायचं ते न सुचून बायकोच्या मागे भाजीची पिशवी धरून फिरलो. आमच्या पेठेत तालमीची फुटबॉल टीम हरली की त्या दिवशी गल्लीत कुणी मोठ्यानं हसत नसे. अशा ठिकाणाहून आलेल्या माणसाला मॉलमध्ये फिरून रविवार साजरा करता येत नाही. मग ऑफिसात एकानं सांगितलं की उलव्याच्या बाजूला एका गावात चांगली टीम आहे. मी गेलो आणि मैदानाच्या कडेला उभा राहिलो. तिसऱ्या रविवारी मास्तर जवळ आले. शाळेत कवायत शिकवून रिटायर झालेला, काटकुळा, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस.

"लिवता-वाचता बरा येतो का तुमाला?"

म्हटलं, ऑफिसात दुसरं काय करतो?

"मंग आमचे सेक्रेटरी व्हा. आमचे पोरांना पाय हायेत, हात नाय."

तेव्हापासून मी सेक्रेटरी. स्पर्धांचे फॉर्म भरायचे, खेळाडूंचे फोटो चिकटवायचे, कमिटीशी पत्रव्यवहार करायचा, फर्स्ट एडची पेटी सांभाळायची. चौदा वर्षं केलं. प्रॅक्टिस संपली की मास्तर आणि मी बांधावर बसून चहा प्यायचो. टीममधले बाकीचे तोवर पांगलेले असायचे. त्या अर्ध्या तासाचा मी मालक आहे असं मला वाटायचं.

आणि आमचा गोलकीपर. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. तो गावातलाच, मास्तरांच्या हाताखाली सातवीपासून वाढलेला, आता द्रोणागिरीकडे बंदरावर क्रेन चालवतो. अडतिसाव्या वर्षीही गोलमध्ये उभा राहतो आणि टीमचा कॅप्टनही तोच. उंच, हसरा, कुणाच्याही घरात चपला काढून थेट स्वयंपाकघरापर्यंत जाणारा. मास्तर त्याला सगळ्यांदेखत शिव्या घालायचे. मला मास्तरांनी कधी शिवी दिली नाही, कायम 'तुमी' म्हणाले. याचं मला आधी बरं वाटायचं, मग वाईट वाटायला लागलं. ज्याला शिवी मिळते तो घरातला, एवढं कोल्हापूरच्या माणसाला कळतं.

मग विमानतळ आला आणि गाव उठलं. शेतं, मिठागरं, देऊळ, मैदान, सगळ्यावर डोंगर फोडून आणलेला भराव पडला. कुणी करंजाड्याला गेलं, कुणी भाड्यानं दुसरीकडे. भूखंडांसाठी, पुनर्वसनासाठी मोर्चे निघाले. मास्तर पुढे असायचे. त्यांच्या हातात काळ्या कापडाचा झेंडा असायचा आणि त्यावर त्यांनी स्वतः चुन्यानं रंगवलेला पांढरा चौकोन. मिठागराचा. त्यात एक अक्षर नव्हतं. मी मोर्चाला गेलो नाही. ऑफिस होतं, असं मी सांगायचो. खरं म्हणजे मला कुणी ये म्हटलंच नव्हतं, आणि स्वतःहून जाण्याइतका मी मोठ्या मनाचा नाही.

आता जे सांगतो ते सांगायला लाज वाटते, पण लपवून उपयोग नाही. मला त्या लोकांचा हेवा वाटायचा. ज्यांची घरं पाडली त्यांचा. करंजाड्याच्या मोकळ्या प्लॉटवर प्रॅक्टिस सुरू झाली तेव्हा ते एकमेकांत बोलायचे, "आपले विहिरीजवलचा आंबा," "आपले देवलामागची वाट," आणि गप्प व्हायचे. त्या गप्प होण्यात मला जागा नव्हती. माझी पेठ जागच्या जागी आहे, माझ्या तालमीला नुकताच रंग दिलाय, मला कशाचं दुःख करायचा अधिकार? घर गेलेल्या माणसावर जळणारा नवी मुंबईत मी एकटाच असेन.

मास्तर गेले ते मला टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. ऑफिसात, अकरा वाजता. कुणी फोन केला नाही. रिक्षानं पोचलो तेव्हा तिरडी उचललेली होती आणि पुढचा उजवा खांदा गोलकीपरचा होता. त्याचे डोळे सुजलेले होते. बायका त्याच्याकडे बघून रडत होत्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून, बूट हातात धरून मागून चालत होतो आणि माझ्या मनात एकच विचार होता: पहाटेपासून हा इथं आहे आणि मला अकराला कळतं.

तेराव्याला करंजाड्यात त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शोकसभा झाली. मी दोन पानांचं भाषण लिहून नेलं होतं. त्यात मिठाच्या रेघेची गोष्ट शेवटी ठेवली होती, कारण ती ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी येणार याची मला खात्री होती. माझ्या आधी गोलकीपर उठला आणि त्यानं तीच गोष्ट सांगितली. जवळजवळ त्याच शब्दांत. लोक माना हलवत होते, पुढचं वाक्य आधीच पुटपुटत होते. म्हणजे ती सगळ्यांनाच पाठ होती. माझ्या हातातली दोन पानं मी घडी करून खिशात घातली.

मग त्यानं पिशवीतून पांढऱ्या कापडाचे छोटे चौकोन काढले. मास्तरांचा पांढरा टी-शर्ट होता, रेफरी म्हणून उभे राहताना घालायचे तो. त्यांच्या बायकोनं, आमच्या काकींनी तो त्याला दिला होता आणि त्यानं कापून चौकोन केले होते. "ह्यो आपले बाहीवर लावायचा. ह्या सीझनला, सगले मॅचला. मास्तर आपले बरोबर खेलतील." काकींनी एक चौकोन कपाळाला लावला. सगळं पार्किंग हुंदके देत होतं. मीही म्हणालो, "फार छान कल्पना." पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. चौदा वर्षं टीमचा एक कागद माझ्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे गेला नाही, आणि टी-शर्टला कात्री लावताना याला मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही.

स्पर्धा नोव्हेंबरात होती, सीवूड्सजवळच. पहिल्या मॅचच्या दोन दिवस आधी कमिटीचा फोन आला. कमिटीवरचा हा गृहस्थ माझ्याच भागातला, कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, एका इंग्लिश क्लबचा कट्टर चाहता. फार सभ्य माणूस.

"सर, एक क्लॅरिफिकेशन पाहिजे होतं. तुमच्या टीमच्या फोटोत बाहीवर व्हाइट स्क्वेअर दिसतोय. ते काय आहे? शोकचिन्ह असेल तर काहीच प्रॉब्लेम नाही. फक्त पॉलिटिकल सिम्बॉल आपल्या रूल्समध्ये अलाउड नाही."

'शोकचिन्ह' एवढं एकच उत्तर द्यायचं होतं. ते खरंही होतं. मास्तरांच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा, त्याहून मोठं शोकचिन्ह कुठलं? पण झेंड्यावर चौकोन होता हेही खरं होतं. त्या लोकांच्या बोलण्यात मास्तर गेले आणि गाव गेलं हे एका दमात यायचं, ते दोन वेगळं करून दाखवा म्हटलं असतं तर त्यांना जमलं नसतं. मला जमलं. मी पाण्याचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणालो, "तसा तो मोर्चाच्या झेंड्यावरचा चौकोन आहे. विमानतळाच्या."

"ओह," तो म्हणाला. "बरं झालं तुम्ही सांगितलंत, सर."

मला खरंच बरं वाटलं. एक अख्खा दिवस बरं वाटलं.

मॅचच्या दिवशी टीम मैदानात उतरायच्या आधी कमिटीचा तो गृहस्थ आला. त्याच्या शर्टावर लाल फुलाची पिन होती. गोलकीपरला बाजूला घेऊन त्यानं नियम सांगितला. चौकोन काढा, नाहीतर मॅच खेळू देता येणार नाही. गोलकीपरनं त्या पिनेकडे बोट केलं.

"ह्यो काय हाय?"

"हे? हे रिमेंबरन्स आहे. महायुद्धात गेलेल्या सैनिकांसाठी. इंग्लंडमध्ये नोव्हेंबरमध्ये सगळे क्लब लावतात."

"तुमचे घरातला कोनी गेल्ता का युद्धात?"

"नाही, नाही. आमच्या क्लबची परंपरा आहे ती."

"आनी आमचा?"

"तुमचं पॉलिटिकल आहे ना," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं. त्या फुलावरून तिकडेही वाद होतात, एखादा खेळाडू आपल्या गावावर त्याच सैन्यानं काय केलं ते आठवून ते लावायला नकार देतो, हे मी टीव्हीवर पाहिलेलं होतं. मी ते बोलू शकलो असतो.

गोलकीपर माझ्याकडे वळला. "सेक्रेटरी, कैची द्या."

फर्स्ट एडच्या पेटीत बँडेज कापायची कात्री असते आणि पेटी माझ्या ताब्यात असते. मी ती काढून दिली. एकेक जण समोर येऊन बाही पुढे करत होता आणि तो एकेक टाका जपून उसवत होता, कापडाला कात्री लागू नये म्हणून जीभ दातांत धरून. चौकोन प्लास्टिकच्या पिशवीत टाकले. जर्सीवर टाक्यांची भोकं तेवढी राहिली. काकी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कनाला काढतात? कशापायी?" मी मॅचशीट भरत होतो. माझं अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

आम्ही एका गोलनं हरलो. साधा बॉल होता, त्यानं असे शेकडो अडवले असतील.

मॅचनंतर पार्किंगमध्ये त्यानं टीमला गोळा केलं. मला वाटलं, आता विचारणार, कमिटीला कुणी सांगितलं. तो म्हणाला, "माजे व्हॉट्सॲपचे डीपीला मोर्चातला फोटो हाय, झेंडा घेतलेला. तो कमिटीवाल्यांनी बघितला असनार. माजी चूक झाली. माजेमुलं मास्तरांचा चौकोन गेला." आणि एवढा मोठा माणूस बोनेटवर डोकं टेकून रडायला लागला. पोरं त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी "जाऊ दे रे" म्हणालो. आणि खरं सांगतो, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला. चूक माझी होती आणि तिच्यासाठी रडायलाही तोच पुढे होता.

वर्ष गेलं. मी रविवारी जात राहिलो. टीमनं मला काहीच कमी केलं नाही, उलट चहा आधी मला मिळायला लागला. नोव्हेंबर जवळ आला तसा एका रविवारी गोलकीपर माझ्या घरी आला, सीवूड्सला, पहिल्यांदाच. मास्तरांच्या वर्षश्राद्धानंतर लगेचच मॅच होती. "सेक्रेटरी, एक लेटर लिवा. तो मास्तरांचा शर्ट हाय, आमचे दुखवट्याची खून हाय, असा समजावून. तुमचेशिवाय कोनाला जमनार?"

मी लिहिलं. मन लावून लिहिलं, इंग्रजीत, दीड पान. जे मला फोनवर एका शब्दात सांगता आलं असतं ते दीड पानात सांगितलं. मेल करून झाल्यावर मी त्याला वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. तो पोह्यांची बशी मांडीवर घेऊन ऐकत होता आणि मान डोलावत होता. मला इतकं भरून आलं की लगेच कमिटीच्या त्या गृहस्थाला फोन लावला. आणि स्पीकरवर ठेवला. त्याची काही गरज नव्हती. माझ्या पत्राचं कौतुक गोलकीपरनं स्वतःच्या कानांनी ऐकावं, एवढीच माझी हौस.

"वाचलं सर, फार टचिंग लिहिलंय," फोनमधून आवाज आला. मी गोलकीपरकडे पाहून हसलो. "पण मी जरा कन्फ्यूज झालो. लास्ट इयर तुम्हीच म्हणाला होतात ना, की तो मोर्चाच्या झेंड्यावरचा चौकोन आहे? तुम्ही सांगितलं म्हणून तर आम्ही काढायला लावला."

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात चहा घेऊन उभी होती, ती तिथंच थांबली. मला स्पीकर बंद करायचं बटण सापडेना. गोलकीपरनं बशी टीपॉयवर ठेवली. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादा बॉल कुठून आला ते कळलंच नाही, असं गोल झाल्यावर तो बघायचा, तसं. मग त्यानं माझ्या हातातून फोन घेतला.

"हॅलो, मी कॅप्टन बोलतो. सेक्रेटरींची काय चूक नाय, त्यांना म्हाईतच नव्हता. ते आमचे गावचे नाय ना. तो मास्तरांचा शर्टच हाय."

"अच्छा, अच्छा. मग काही प्रॉब्लेम नाही. लावा तुम्ही," पलीकडून आवाज आला.

त्यानं फोन माझ्या हातात दिला. उरलेले पोहे खाल्ले, चहा प्यायला, "वैनी, मस्त झाल्ते पोहे," म्हणाला. दारात चपला घालताना माझ्याकडे न बघता बोलला, "लेटर चांगला लिवलाय." आणि जिन्यानं खाली गेला. लिफ्टची वाट बघितली नाही.

ते आमच्या गावचे नाहीत. चौदा-पंधरा वर्षं ज्या वाक्याला मी घाबरत होतो, ते वाक्य त्यानं मला वाचवायला वापरलं. त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं, आणि माझ्यापाशीही.

मॅचच्या दिवशी चौकोन पुन्हा बाह्यांवर होते, त्याच जुन्या भोकांतून शिवलेले. मी पेटी घेऊन रेघेच्या बाहेर उभा होतो. काकी खुर्चीवरून उठून माझ्याकडे आल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. मला एका नजरेत कळलं की त्यानं कुणालाच सांगितलेलं नाही. त्यांच्या हातात एक चौकोन होता. "एक र्‍हायला व्हता. तुमी घ्या."

म्हटलं, "राहू दे काकी. टीमसाठी आहेत ते."

"घ्या हो. ती मिठाची गोष्ट सांगून सांगून आमाला सगल्यांना पाठ झाल्ती. आमी उठून जायचो. मंग ते घरी येऊन सांगायचे, आज कोल्हापूरवाल्याला परत सांगितली, तो दर बारीला पैल्यांदा ऐकल्यासारखा ऐकतो. लय खूश असायचे त्या दिवशी."

एक मिनिट शांतता जाहीर झाली. अकरा जण मधल्या वर्तुळात माना खाली घालून उभे राहिले, कमिटीचा तो गृहस्थही आपली लाल पिन लावून उभा होता. गोलकीपरनं वर्तुळातून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मास्तरांच्या शर्टाचा तुकडा माझ्या मुठीत होता, घामानं ओला झालेला. माझ्या शर्टाला लावायला पेटीत सेफ्टी पिनही होती. मी ती काढली नाही.